काळं. नको. परत.

शिरूर कासारच्या बसस्टँडसमोर पौर्णिमाताईचं ऑनलाइन सेंटर आहे. सातबारा, पीकविमा, दाखले, झेरॉक्स, जे जे तालुक्याच्या माणसाला लागतं ते तिथं निघतं. लोकांशी बोलायचं काम ताईचं. टायपिंगचं, आणि कुठलंही मशीन अडलं की उघडून बसायचं काम बजरंगचं. तो आतल्या बाजूला भिंतीकडं तोंड करून बसायचा. चौतीस वर्षांचा, शिडशिडीत, डाव्या भुवईखाली लहानपणीची खोक. नवं गिऱ्हाईक त्याला पाठीमागून हाक मारी, दुसऱ्यांदा मारी, आणि मग चिडून म्हणे, "बहिरा हायस का बे?" ताई मान वर न करता सांगे, "हो, हाय. कागद इकडं द्या तुमचा."

अडीच वर्षांचा असताना त्याला ताप आला होता. आई-बाप ऊसतोडीला गेलते, तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत तो तापानं फणफणला आणि चार दिवसांनी उठून चालू लागला. पोरगं वाचलं यातच सगळ्यांना आनंद. हाकेला ओ देत नाही हे कळायला पुढचा पाडवा उजाडला. घरात मग दहा-पंधरा खुणा तयार झाल्या: जेव, झोप, इकडं ये, बाप कुठं गेला. त्यापलीकडं बोलायला काही नव्हतंच. सातव्या वर्षी त्याला बीडच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत घातलं आणि तिथं त्याला पहिल्यांदा कळलं, की काल काय झालं हेही सांगता येतं. उद्या काय होईल याची भीती वाटते, हेही.

ते त्यानं ज्याला पहिल्यांदा सांगितलं तो आदिनाथ. मांजरसुंब्याचा. त्याची आई भिवराबाई तिथल्या एका ढाब्यावर भाकऱ्या थापायची. दहा वर्षं दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. खुणांच्या भाषेत माणसाला हाक मारायला वेगळं नाव लागतं, आणि ते कुणीतरी दुसऱ्यानं ठेवावं लागतं. बजरंगचं नाव आदिनाथनं ठेवलं, भुवईखाली एक बोट. आदिनाथचे कान सुपासारखे, म्हणून बजरंगनं त्याचं नाव ठेवलं, कानाची पाळी दोनदा ओढायची.

शाळा सुटल्यावर बजरंग गावाकडं आला आणि आदिनाथ काही वर्षं ढाब्यावर राबून नाशिकच्या एका कारखान्यात लागला. तिथं बहिरे कामगार पुष्कळ होते. दोघांचा दर रविवारचा नेम ठरला. मोबाइल भिंतीला टेकवायचा, समोर बसायचं आणि आठवडाभराचं सगळं हातानं सांगायचं. लिहून त्यांना जमत नसे. लिहिलेली मराठी दोघांनाही परक्या मुलखासारखी, शब्द ओळखीचे पण वाटा माहीत नाहीत. म्हणून व्हिडिओ हेच पत्र. व्हॉट्सअपवरून साधा व्हिडिओ पाठवला की तो आक्रसून जातो आणि भरभर हलणारी बोटं पुसट होतात. 'उशीर' आणि 'उपाशी' यांतला फरकच कळेनासा होतो. म्हणून ते तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे, जसाच्या तसा. बजरंग प्रत्येक पत्र सेंटरच्या कॉम्प्युटरवर एका फोल्डरमध्ये ठेवी. नऊ वर्षांत तिथं चारशेच्या वर पत्रं साठली होती.

दोन वर्षांपूर्वी आदिनाथनं दीपमालाशी लग्न केलं. तीही बहिरी, त्याच कारखान्यातली. त्यानंतर रविवार चुकू लागले. बजरंगनं आधी मनाला लावून घेतलं नाही, मग घेतलं. दिवाळीत आदिनाथचा दीड मिनिटाचा व्हिडिओ आला. त्यात तो सारखा बाजूला कुणाकडं तरी बघून हसत होता. बजरंगनं उलट पाठवलं, "तुला घरात बोलायला माणूस मिळालं. मला पाठवायची आता गरज नाही. नको पाठवू." पाठवल्यावर त्याला पस्तावा झाला. पण त्यानं ते मागं घेतलं नाही आणि आदिनाथनंही उत्तर दिलं नाही.

दिवाळीनंतर घरातली माणसं ऊसतोडीला साखर कारखान्याच्या वाटेला लागली. भाऊ सटवा, भावजय, आणि नातवंडं सांभाळायला आई तुळजाबाई. अर्धी गल्ली कुलपात गेली. बजरंग सकाळी स्वतःची भाकरी थापायचा, सेंटरवर जायचा, परत येऊन ताटात उरलेलं खायचा. दोन महिने त्याचे हात फक्त कामापुरते हलले. कधी कधी भांडी घासताना त्याच्या लक्षात यायचं, की आपण हवेत काहीतरी सांगतोय. मग तो हात पाण्यात घालायचा.

पौषातल्या एका शनिवारी आदिनाथकडून फाइल आली. तीन मिनिटं वीस सेकंद.

बजरंगच्या जुन्या मोबाइलनं ती उघडायला नकार दिला. त्यानं ती कॉम्प्युटरवर घेतली, लावली. काळा पडदा. खालचा काटा पुढं सरकत होता, सेकंद मोजले जात होते, पण पडद्यावर काहीच नव्हतं. त्यानं तीनदा लावून बघितलं. मग मोबाइलवर जमेल तसं लिहिलं, "काळं. नको. परत." म्हणजे काळं दिसतंय, असं नको, परत पाठव. दोन निळ्या खुणा आल्या. आदिनाथनं वाचलं होतं. बजरंग वाट बघत बसला. संध्याकाळी बघतो तर आदिनाथचा फोटो गेलेला, जागी राखाडी बाहुला. त्यानं काहीबाही लिहून पाठवलं, एकच खूण उमटली आणि तशीच राहिली. आदिनाथनं त्याला बंद केलं होतं.

कशासाठी, ते बजरंगला कळेना. दिवाळीचा राग म्हणावा तर मग व्हिडिओ कावून पाठवला?

सोमवारी सकाळी तो पुन्हा तीच फाइल लावून काळ्या पडद्याकडं बघत बसला होता. पौर्णिमाताई झेरॉक्सच्या मशीनजवळून एकदम वळली आणि त्याच्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. ताईचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती फार बोलणारी नव्हती, बजरंगशी तर चिठ्ठीवर लिहूनच. तिनं फाइल संपेपर्यंत ऐकलं आणि टेबलावरची चिठ्ठी ओढली.

"आवाज येतोय की ह्याला. चालू हाय."

बजरंगनं पडद्यावर बोट ठेवलं. काळं.

"चित्र न्हाई, आवाज हाय," तिनं लिहिलं. मग थोडं थांबून, "आधी ताट पडल्यासारखं वाजलं. मग लेकरू रडलं. लई बारीक लेकरू. बोलत कुणीच न्हाई."

बजरंगनं ती चिठ्ठी दोनदा वाचली. लेकरू कुणाचं? त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या जगाला जे ऐकू येत होतं, ते त्याच्यापुढं तीन मिनिटं काळं होऊन पडलं होतं.

त्यानं इंटरनेटवर शोधलं. व्हिडिओ म्हणजे दाबून बांधलेलं गाठोडं. प्रत्येक मोबाइल आपल्या पद्धतीनं गाठ मारतो, आणि ती सोडायची रीत कॉम्प्युटरला माहीत असावी लागते. त्या रीतीला कोडेक म्हणतात. आदिनाथनं नवा मोबाइल घेतला असणार आणि त्याची गाठ नव्या तऱ्हेची, एवढं बजरंगच्या ध्यानात आलं. एका साइटवर लिहिलं होतं, की हे फुकटचं पॅक टाका, जगातला कुठलाही व्हिडिओ चालेल. घाईच्या माणसाला एवढं पुरतं. तो हो, हो, हो दाबत गेला.

पॅक बसलं. त्यानं पत्रांचं फोल्डर उघडलं. खिडकी उघडली, छोटी चित्रं भरायला लागली आणि सगळं एकदम मिटलं. खिडकी गेली, खालची पट्टी गेली, पडद्यावरची चिन्हंही क्षणभर गेली आणि परत आली. त्यानं पुन्हा उघडलं. पुन्हा तसंच. एक फाइल बघायला गेला आणि चारशे पत्रांच्या दाराला आतून कडी लागली.

ताईनं लिहिलं, "व्हायरस असंल. फॉरमॅट मार."

त्यानं इतक्या जोरात मान हलवली, की ती दोन पावलं मागं सरली.

दिवसभर विम्याच्या अर्जांची रांग असे, म्हणून तो अर्जांच्या मधल्या वेळात, दुपारच्या सुट्टीत आणि सेंटर बंद करायच्या आधीच्या अर्ध्या तासात त्या फोल्डरशी झगडत राहिला. असे दिवसांमागून दिवस गेले. व्हायरस शोधून झाला, नव्हता. जुनं अपडेट काढून बघितलं, फरक नाही. पॅकवर त्याचा संशय गेला नाही, ते तर व्हिडिओ चालावेत म्हणूनच होतं. सातबाऱ्याचं फोल्डर उघडत होतं, फोटोंचं उघडत होतं, फक्त व्हिडिओ असलेलं मिटत होतं. एवढं कळायला पाच दिवस लागले.

एक गोष्ट मात्र बजरंगला इतरांपेक्षा चांगली जमायची. बघणं. दुसऱ्या कुणी खिडकी मिटली की शिवी हासडली असती. तो मिटण्याआधीचा क्षण बघू लागला. खिडकी लगेच मिटत नव्हती. आधी पहिल्या ओळीत छोटी चित्रं उमटत, आदिनाथ कारखान्याच्या शर्टात, आदिनाथ ढाब्याच्या पायरीवर. मग दुसरी ओळ. तिसऱ्या ओळीत कुठंतरी एक चौकोन पांढराच राही आणि तिथंच सगळं कोसळे. त्यानं पंचवीस वेळा उघडून बघितलं. पंचवीसही वेळा चित्र काढता काढताच मेलं.

म्हणजे फाइली शाबूत होत्या. फोल्डर उघडल्याबरोबर कॉम्प्युटर प्रत्येक व्हिडिओत डोकावून त्याचं छोटं चित्र काढायला जात होता, आणि डोकावण्यासाठी त्या नव्या पॅकमधली रीत वापरत होता. ती रीतच खोटी होती. डोकावलं की खिडकीच गारद.

खात्री करायला त्यानं काळी कमांडची खिडकी उघडली. तिथं चित्रं नसतात, नुसती नावं. एकामागून एक चारशे सोळा नावं उतरली. तारखांसकट सगळी पत्रं जागेवर होती.

पुढचं सोपं होतं. फोल्डरच्या सेटिंगमध्ये एक चौकोन असतो, नेहमी चिन्हं दाखवा, छोटी चित्रं नकोत. त्यानं तिथं खूण केली. बाजूला व्हिडिओ दाखवणारा कप्पाही बंद केला. फोल्डर उघडलं आणि उघडंच राहिलं. मग त्यानं ते पॅक मुळासकट काढून टाकलं, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि आपल्या गाठी सोडायच्या रीती आपल्यासोबतच घेऊन येणारा, बाकी कशाला हात न लावणारा एक प्लेअर टाकला. गुरुवारची दुपार होती. ताई डबा खात होती. फाइल येऊन बारा दिवस झाले होते.

पडद्यावर आदिनाथ आला. वाळलेला, डोळ्यांखाली काळं, पण कान तसेच. त्यानं आधी बजरंगचं नाव घेतलं, भुवईखाली बोट.

"बाळ होणार आहे हे दिवाळीतच सांगणार होतो. तू भांडलास. मलाही राग आला. आता सांगतो. मुलगी झाली. सव्वा महिन्याची आहे."

मग तो बाजूला झाला आणि दीपमालानं दुपट्यातलं लेकरू मोबाइलपुढं धरलं. सावळं, मूठभर, डोळे मिटलेलं. आदिनाथ पुन्हा पुढं आला. त्याच्या हातात स्टीलचं ताट होतं.

"डॉक्टर म्हणाले, हिला ऐकू येतं. माझा विश्वास बसेना. हे बघ."

त्यानं ताट सोडलं. लेकराचं सगळं अंग दचकलं, तोंड वाकडं झालं, ते रडायला लागलं. दीपमाला त्याला थोपटत हसत होती. आदिनाथ हसत नव्हता. ती लेकरू घेऊन आत गेली, तसं तो पुढं बोलला.

"सगळे पेढे वाटा म्हणतात. मीही वाटले. मग मोरीत जाऊन रडलो. बायकोला सांगितलं नाही. ती खूश आहे. बजरंग, ही त्यांच्यातली आहे. उद्या ही आमच्या पाठीमागं बोलेल आणि आम्हाला कळणार नाही. माझी मुलगी आहे आणि मला तिची भीती वाटते. हे कुणाला सांगू? नाशिकला पुष्कळ आहेत. तुला सांगतोय." त्यानं डोळे पुसले आणि सरळ बसला. "पुढच्या रविवारी बारसं आहे. तू ये. खुणेचं नाव तू ठेवायचं. दुसऱ्या कुणाला ठेवू देणार नाही."

पुढचा रविवार चार दिवसांपूर्वीच होऊन गेला होता.

बजरंगनं मोबाइल काढला. वर आदिनाथची फाइल. तिच्या बरोबर खाली, पंधरा मिनिटांच्या आतच त्यानं लिहिलेले तीन शब्द. काळं. नको. परत. आता ते त्यानं आदिनाथच्या डोळ्यांनी वाचले. बापानं लेकरू पुढं धरून दाखवलं, नाव ठेवायला ये म्हणाला, आणि मित्रानं लिहिलं: काळं. नको. परत घेऊन जा.

तो खुर्चीतच पुढं वाकला आणि कपाळ टेबलाला लावून बसला. ताई डबा टाकून आली. त्यानं तिला मोबाइल दाखवला, पडदा दाखवला, तुटक शब्दांत लिहून सांगितलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं चिठ्ठी ओढली आणि लिहिलं, "त्याची आई मांजरसुंब्यालाच हाय ना? उद्या सेंटरला येऊ नको."

शुक्रवारी तो जीपनं बीडला आणि तिथून एसटीनं मांजरसुंब्याला गेला. चौकात ट्रक लागले होते. ढाब्याच्या मागच्या बाजूला चुलीपुढं भिवराबाई बसली होती. केस पांढरे झाले होते, पण पीठ मळायची ढब तीच. शाळेत असताना बजरंग कितीतरी सुट्ट्या तिच्या हातची भाकरी खाऊन राहिला होता. तिनं त्याला ओळखलं आणि तोंड फिरवलं.

तो तिच्यासमोर खाली बसला. तिनं पिठाच्या हातानंच त्याला विचारलं. मुलगा बहिरा असल्यानं तिच्याही बोटांत थोडं बोलणं होतं. केसांना बोट लावून, काळी. दोन्ही हातांचा झोका करून, लेकरू. आणि मग तळवा उताणा. कावून असं म्हणालास?

बजरंगनं खिशातून ताईनं झालेलं सगळं लिहून दिलेली चिठ्ठी काढली. भिवराबाईला वाचता येत नव्हतं. गल्ल्यावरच्या माणसाला तिनं बोलावलं, त्यानं चिठ्ठी मोठ्यानं वाचली. वाचताना त्याचे ओठ बजरंग बघत होता. कॉम्प्युटर, व्हिडिओ, काळा. भिवराबाईच्या कपाळावरची आठी हळूहळू गेली. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं, हात पुसले आणि कनवटीला बांधलेला मोबाइल काढला. आदिनाथनं तो तिला खास घेऊन दिला होता, कारण मुलाशी बोलायचं तर बघूनच बोलावं लागायचं. तिनं फोटोवर बोट दाबलं.

आदिनाथ दिसला. आईच्या खांद्यामागं बजरंगला बघून त्यानं मोबाइल वर केला. नुसतं छत, पंखा. बजरंग छताकडं बघून हात हलवत राहिला. "पडदा काळा. लेकरू नाही. पडदा. मी लेकरू बघितलंच नव्हतं. काल बघितलं." छत तसंच होतं. मग मोबाइल हलला आणि दीपमालाचा चेहरा आला. तिनं शांतपणे सगळं बघितलं. बजरंगनं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, फोल्डर, पॅक, मिटणारी खिडकी, बारा दिवस. तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि नवऱ्याचा दंड धरून त्याला ओढलं.

आदिनाथ पडद्यावर आला. मग म्हणाला, "मी रविवारी दुपारपर्यंत दाराकडं बघत होतो. वाटलं, तरी येईल."

"मला माहीत नव्हतं."

"हो. आता कळलं."

"नाव?"

आदिनाथनं खाली बघितलं. "लोक जमले होते. थांबता आलं नाही. दीपमालाच्या मैत्रिणीनं ठेवलं." त्यानं करंगळी हनुवटीच्या मधोमध टेकवली आणि जराशी फिरवली. तिथं मुलीला खळी होती. "चांगलं आहे ना?"

बजरंगनं ती खूण करून बघितली. चांगली होती. त्याला यापेक्षा चांगली सुचली नसती. तसं त्यानं सांगितलं. मग म्हणाला, "ती तुमच्या पाठीमागं बोलणार नाही. तिच्याशी आत्तापासून हातानं बोल. ती आपल्या शाळेत आल्यासारखीच होईल." हे खरं होईल की नाही त्याला माहीत नव्हतं. आदिनाथनं दीपमालाकडं चोरून बघितलं आणि विषय बदलला. कारखान्याची गाडी यायची वेळ झाली होती.

भिवराबाईनं त्याला दोन भाकऱ्या आणि पिठलं वाढलं. तो जेवेपर्यंत ती समोर बसून राहिली.

आदिनाथनं त्या संध्याकाळी त्याला पुन्हा चालू केलं. मोबाइलमधली सेटिंग बदलून तो आता जुन्या पद्धतीचे व्हिडिओ पाठवतो, बजरंगच्या जुन्या मोबाइलवरही दिसतात. पण दर रविवारचा नेम काही पुन्हा बसला नाही. महिन्या-दीड महिन्यातून एखादं पत्र येतं, त्यात जास्त लेकरूच असतं आणि आदिनाथचे फक्त हात. भीतीबद्दल तो पुन्हा बोलला नाही. बजरंगनंही काढलं नाही. कदाचित ते आता तो बायकोला सांगत असेल.

पुढं शिरूरमधल्या एका शूटिंगवाल्याच्या कॉम्प्युटरला तोच रोग झाला. लग्नांचं फोल्डर उघडलं की मिटायचं. बजरंगनं दहा मिनिटांत उघडून दिलं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून असले कॉम्प्युटर गोणपाटात बांधून त्याच्याकडं येऊ लागले. लोक पाठीमागून हाका मारतात, मग समोर येऊन उभे राहतात.

फाल्गुनात एकदा दुपारी सेंटर रिकामं असताना पौर्णिमाताईनं चिठ्ठी सरकवली. "ते लेकरू कसं हाय?" बजरंगनं तिला नवा व्हिडिओ लावून दिला. ती आवाज ऐकत होती, तो चित्र बघत होता. संपल्यावर त्यानं करंगळी हनुवटीला टेकवून फिरवली. तिनं भुवया उंचावल्या. त्यानं लिहिलं, "नाव." ताईनं आजूबाजूला बघितलं, जरा लाजली, आणि करंगळी हनुवटीला लावली. फिरवायचं ती विसरली होती. त्यानं तिचं बोट धरून फिरवून दाखवलं.

मग सातबाऱ्याला दोन माणसं आली, आणि ती काउंटरकडं गेली. साखर कारखान्याचा हंगाम संपून, पट्टा पडून घरची माणसं परत यायला अजून महिना होता.